सत्तांतरानंतरची ग्रंथालये आणि ग्रंथपालाची जागा : महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्याचे परीक्षण

१

राज्यसत्ता पालटली म्हणजे नव्या सत्तेला जुन्या राजवटीचा खजिना, कचेऱ्या आणि तुरुंग यांच्याबरोबर तिची ग्रंथालयेही वारशाने मिळतात. या वारशाचे काय करावयाचे, या प्रश्नाची दोन अंगे आहेत. ग्रंथालयांची रचना कशी असावी, त्यांवर नियंत्रण कोणाचे व पैसा कोणाचा, हे पहिले अंग संघटनेचे होय. ग्रंथालय उघडून बसणारा, वाचकाला पुस्तक काढून देणारा आणि त्याच्या गरजेची पारख करणारा माणूस कोण, त्याची नेमणूक कोणी करावी आणि त्याला वेतन कोठून मिळावे, हे दुसरे अंग सेवकवर्गाचे. महाराष्ट्रातील ग्रंथालयविषयक चर्चेत पहिल्या अंगाचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. दुसऱ्या अंगाकडे मात्र आस्थापनेची एक किरकोळ बाब म्हणून पाहण्याची प्रथा पडली. वास्तविक संघटनेचे यशापयश शेवटी या दुसऱ्या अंगावरच ठरते.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली संमत झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. स्वातंत्र्योत्तर राज्याने ग्रंथालयांविषयी आपली भूमिका ज्यात एकत्रित मांडली असा हा मुख्य दस्तऐवज आहे. त्याचे परीक्षण येथे दोन कसोट्यांवर करावयाचे आहे. पहिली कसोटी तुलनेची : राज्यक्रांतीनंतर ग्रंथालयांची पुनर्रचना ज्या देशाने सर्वांत हिरिरीने केली त्या रशियाचा अनुभव या कायद्याशेजारी ठेवून पाहणे. दुसरी कसोटी स्थळाची : महाड तालुक्यातील बिरवाडीसारख्या गावी बसलेल्या वाचकापर्यंत या कायद्याचा हात पोहोचतो काय, हे तपासणे.

२

नोव्हेंबर १९१७ मध्ये सत्ता हाती आल्यावर लेनिनने पेट्रोग्राडच्या सार्वजनिक ग्रंथालयाविषयी एक लहानसे टिपण केले. त्यात चार मागण्या आहेत. देशातील व परदेशांतील ग्रंथालयांशी पुस्तकांची देवघेव सुरू करावी. ग्रंथालयांमधील पुस्तकांच्या टपालास हशील पडू नये. वाचनकक्ष सुटीचे दिवस व रविवार धरून रोज सकाळी आठ ते रात्री अकरा उघडा असावा. आणि त्यासाठी लागणारी माणसे शिक्षणखात्याच्या कचेऱ्यांतून तात्काळ ग्रंथालयाकडे वळवावी. या टिपणात चौथी मागणी तिसरीला लागूनच येते. दिवसाचे पंधरा तास वाचनकक्ष उघडा ठेवावयाचा तर माणसे हवीत, आणि ती माणसे नेमकी कोठून आणावयाची याचा निर्देश त्याच कागदावर असला पाहिजे, ही जाणीव त्यामागे आहे. याच लेनिनने १९१३ साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाविषयी लिहिताना, दुर्मिळ पोथ्यांच्या संख्येऐवजी घरी वाचावयास दिलेल्या पुस्तकांच्या संख्येने ग्रंथालयाची थोरवी मोजावी, असे प्रतिपादन केले होते.

पुढे ३ नोव्हेंबर १९२० च्या हुकुमान्वये रशियातील सर्व ग्रंथालये एका जाळ्यात गोवण्यात आली. राजकीय शिक्षणाच्या ज्या मध्यवर्ती मंडळाकडे हे काम आले त्याचे प्रमुखपद क्रुप्स्काया यांच्याकडे होते. खेड्यांतून ‘इज्बा-चिताल्न्या’ म्हणजे वाचनझोपड्या निघाल्या. निरक्षरांना वर्तमानपत्र वाचून दाखविणे, शेतकऱ्यांच्या शंकांचे निरसन करणे, पत्रे लिहून देणे अशी कामे तेथील सेवकाने करावयाची होती. ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाची बैठक क्रांतिपूर्व काळातच तयार झालेली होती. ल्युबोव्ह खावकिना यांनी अमेरिकन ग्रंथालयशास्त्राचा अभ्यास करून मॉस्कोतील शान्याव्स्की विद्यापीठात १९१३ साली ग्रंथपालांसाठी वर्ग सुरू केले होते. नव्या राजवटीने या पूर्वतयारीचा उपयोग करून घेतला.

या प्रयोगातून दोन धडे निघतात आणि ते परस्परविरुद्ध दिशांनी जाणारे आहेत. पहिला धडा पैशाचा. १९२१ नंतर नवे आर्थिक धोरण आले आणि खेड्यातील वाचनगृहांचा खर्च स्थानिक अंदाजपत्रकांवर टाकण्यात आला. त्याबरोबर वाचनझोपड्यांची संख्या झपाट्याने घसरली. जाळे हुकुमाने विणता येते. परंतु त्याच्या प्रत्येक गाठीशी बसणाऱ्या माणसाचे वेतन बंद झाले की ते उसवू लागते, हे एकपक्षीय आणि अत्यंत केंद्रित राज्यातही खरे ठरले.

दुसरा धडा स्वातंत्र्याचा. ज्या यंत्रणेने पुस्तके पोहोचविली तिनेच ती काढूनही घेतली. लोकांच्या ग्रंथालयांतून ‘हानिकारक’ ग्रंथ दूर करण्याविषयीच्या सूचना या मंडळाकडून निघाल्या. प्लेटो व कांट यांच्यासारख्या तत्त्वज्ञांचे ग्रंथही त्या यादीत असल्याचे कळल्यावर गॉर्कीसारखा क्रांतीचा मित्र १९२३ साली उद्विग्न झाला होता. ग्रंथपाल सरकारचा नोकर आणि ग्रंथनिवडही सरकारची, अशी दुहेरी मक्तेदारी झाली म्हणजे ग्रंथालयाचे रूपांतर प्रचारकेंद्रात होण्यास वेळ लागत नाही.

३

महाराष्ट्रात ग्रंथालयांचा उगम राज्यसत्तेपासून झालेला नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे. ही सर्व लोकांनी वर्गणी काढून चालविलेली कामे होत. कारकून, शिक्षक, वकील यांनी संध्याकाळचा वेळ देऊन ती वाढविली. ग्रंथपाल हा बहुधा संस्थेचा कार्यकर्ताच असे, आणि त्याचे मानधन नावापुरते असे. या परंपरेने मराठी वाङ्मयावर केलेले उपकार मोठे आहेत. परंतु ग्रंथपालाचे काम हे सेवाभावाने फावल्या वेळात करावयाचे काम होय, ही समजूतही तिनेच रुजविली.

या समजुतीला छेद देणारा एक प्रयोग मराठी राजाच्याच राज्यात घडला. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. मध्यवर्ती ग्रंथालय, ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग आणि लाकडी पेट्यांतून गावोगाव हिंडणारी फिरती ग्रंथालये यांची उभारणी त्या काळात झाली. १९१२ पासून निघणाऱ्या बडोद्याच्या ग्रंथालयविषयक नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. गावाला ग्रंथालय हवे असेल तर ग्रामस्थांनी रकमेचा एक हिस्सा उभा करावा आणि तितकाच हिस्सा प्रांत पंचायतीने व तितकाच सरकारने घालावा, असा तेथील दंडक होता. लोकांचा पुढाकार, स्थानिक संस्थेचे दायित्व आणि दरबारचा आधार यांची अशी सांगड प्रथमच घातली गेली. कायद्याच्या क्षेत्रातही संस्थानांनीच आधी पाऊल टाकले : कोल्हापूर संस्थानाचा ग्रंथालय कायदा १९४५ चा, म्हणजे मद्रासच्या १९४८ च्या कायद्याहूनही आधीचा आहे.

ब्रिटिश मुंबई इलाख्यात मात्र सुरुवात समितीने झाली. खेर मंत्रिमंडळाच्या काळात, १९३९ साली, आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमण्यात आली. मध्यवर्ती, प्रादेशिक, जिल्हा, तालुका, मोठी गावे आणि लहान गावे अशी सहा पायऱ्यांची रचना तिने सुचविली. रचना निर्दोष होती. तथापि स्वातंत्र्याच्या सुमारास अंमलबजावणीस आरंभ झाला तो वरच्या पायऱ्यांपासून, आणि खालच्या पायऱ्या अनुदान घेणाऱ्या संस्थांवर सोपविण्यात आल्या. शिडी वरून खाली बांधीत यावी आणि मध्येच लाकूड संपावे, तसे हे झाले.

४

या पार्श्वभूमीवर १९६७ चा कायदा वाचला म्हणजे त्याचे गुण व दोष दोन्ही स्पष्ट दिसतात.

गुणांचा उल्लेख प्रथम केला पाहिजे. कायद्याने ग्रंथालयांसाठी स्वतंत्र विभाग व संचालक यांची तरतूद केली. शिक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य ग्रंथालय परिषद आणि त्याखाली जिल्हा ग्रंथालय समित्या आल्या. ग्रंथालय संघांना मान्यता मिळाली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लोकांनी उभारलेल्या संस्था या कायद्याने गिळंकृत केल्या नाहीत. त्यांना मान्यता दिली, अनुदान दिले आणि ग्रंथनिवडीचा अधिकार बव्हंशी त्यांच्याच हाती ठेवला. रशियाचा दुसरा धडा डोळ्यांपुढे ठेवला असता हा संयम लहान नव्हे. अकरा-बारा हजारांच्या घरात गेलेली मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या हे या उदारतेचेच फळ होय.

दोष पाहू जाता तीन ठळक दिसतात. पहिला अर्थव्यवस्थेचा. मद्रासच्या कायद्याने मालमत्ताकरावर अधिभार बसवून ग्रंथालय कराची तजवीज केली. आंध्र प्रदेश (१९६०) आणि म्हैसूर (१९६५) या राज्यांच्या कायद्यांनीही कराचा मार्ग पत्करला. महाराष्ट्राने कर टाळला आणि शासनाने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान २५ लाख रुपये घालावेत असे बंधन स्वतःवर घेतले. करातून येणारे उत्पन्न मालमत्तेच्या मोलाबरोबर वाढत जाते. कायद्यात रुपयांच्या आकड्याने कोरलेली रक्कम मात्र भाववाढीबरोबर झिजत जाते. प्रत्यक्षात शासनाचा खर्च त्या आकड्याच्या कितीतरी पुढे गेला हे खरे. परंतु त्यामुळेच कायद्यातील बंधन निरर्थक झाले. त्यापुढील प्रत्येक रुपया हा हक्काचा न राहता त्या त्या वेळच्या निर्णयाचा विषय बनला.

दुसरा दोष मोजमापाचा. अनुदानाच्या नियमांनी ग्रंथालयांची ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ अशी वर्गवारी केली. ती ग्रंथसंख्या, नियतकालिके, सभासद, उघडे राहण्याचे तास अशा निकषांवर होते. हे निकष तपासणीस सोयीचे आहेत, कारण ते दाखल नोंदवहीत दिसतात. परंतु दाखल नोंदवही भरलेली असणे आणि देवघेव चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणी अधिकाऱ्यासमोर मांडावयाच्या वह्या नीट ठेवण्यात ग्रंथपालाचा जो वेळ जातो तो वाचकाच्या वाट्याचा असतो. रंगनाथनांनी १९३१ साली सांगितलेल्या पंचसूत्रीतील पहिले सूत्र ग्रंथ उपयोगासाठी आहेत असे सांगते. ज्या निकषांत उपयोगास गौण स्थान आहे ते त्या सूत्राशी विसंगत ठरतात.

तिसरा दोष सर्वांत मूलगामी आहे. कायद्यात राज्य ग्रंथालय सेवेची तरतूद आहे. परंतु ती विभागातील व शासकीय ग्रंथालयांतील सेवकांपुरती. राज्यातील बहुसंख्य वाचक ज्या ग्रंथालयांत जातात ती मान्यताप्राप्त संस्थांची ग्रंथालये आहेत, आणि तेथील ग्रंथपाल या सेवेच्या बाहेर उभा आहे. तो ना शासनाचा सेवक, ना स्थानिक स्वराज्य संस्थेचा. तो एका सार्वजनिक विश्वस्त संस्थेचा नोकर आहे आणि त्याचे वेतन त्या संस्थेच्या अनुदानातून उरेल तितके. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३०,००० रुपये होते. २०२२ साली साठ टक्के वाढीचा निर्णय झाल्यावर ते ४८,००० झाले. म्हणजे त्या वाढीनंतरही महिन्यास ४,००० रुपये, आणि त्यातच ग्रंथ, वर्तमानपत्रे, वीज, भाडे व वेतन यांची तोंडमिळवणी करावयाची. या हिशेबात प्रशिक्षित माणसाची जागा कोठे आहे, असा प्रश्न कोणासही पडावा.

याच काळात उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात काय घडले ते पाहणे बोधप्रद आहे. विद्यापीठ अनुदान मंडळाने १९५७ साली रंगनाथनांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने विद्यापीठे व महाविद्यालये यांतील ग्रंथपालास अध्यापकाच्या बरोबरीचा दर्जा व वेतनश्रेणी असावी अशी शिफारस केली, आणि तिला कालांतराने मूर्त रूप आले. परिणाम असा झाला की ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेला तरुण महाविद्यालयाकडे वळतो आणि गावचे ग्रंथालय त्याच्या विचारातही येत नाही. एकाच शास्त्राचे दोन वर्ण निर्माण झाले. विद्यापीठीय विभागांनी या विषमतेकडे आजवर पुरेशा गांभीर्याने पाहिले आहे, असे म्हणता येत नाही.

५

आता दुसरी कसोटी. बिरवाडी हे महाड तालुक्यातील काळ नदीकाठचे बाजाराचे गाव. एका बाजूस रायगडाच्या डोंगररांगा, दुसऱ्या बाजूस महाडची औद्योगिक वसाहत. आसपासच्या वाड्यावस्त्यांतील माणसे बाजार, शाळा, दवाखाना या निमित्तांनी येथे येतात. या भागातील घरटी एखादा तरी माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस चाकरीला गेलेला, आणि गावची देवळे, शाळा व वाचनालये यांना मुंबईकर मंडळांच्या वर्गणीचा आधार, ही दक्षिण कोकणाप्रमाणे या पट्ट्याचीही रीत आहे. पावसाळ्याचे चार महिने हवेतील ओल एवढी की पुस्तकांना बुरशी व कसर लागू न देणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते. जुलै २०२१ मध्ये महाड परिसरात जो महापूर आला त्याने तळमजल्यावरील कागद किती अल्पायुषी असतो हे दाखवून दिले.

अशा गावी ग्रंथालयाची शासकीय साखळी कशी पोहोचते? मुंबईस राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली विभाग, त्याखाली जिल्हा. जिल्ह्याचे ठाणे अलिबाग, समुद्रकाठी, बिरवाडीपासून सुमारे शंभर किलोमीटरांवर. तेथील जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याचे गावाशी येणारे नाते तपासणीचे आणि अनुदानाचे असते. पुस्तकांची देवघेव त्या नात्यात नाही. फैजी समितीच्या रचनेत तालुका, मोठे गाव व लहान गाव या पायऱ्या एकमेकींना पुस्तके पुरविणाऱ्या होत्या. आजच्या व्यवस्थेत तालुक्याचे ग्रंथालय आणि गावचे ग्रंथालय ही दोन स्वतंत्र अनुदानपात्र संस्था होत. त्यांचे संबंध सौजन्याचे असू शकतात, कर्तव्याचे नाहीत. बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीतील कामगाराला रसायनांच्या सुरक्षिततेविषयी मराठी पुस्तक हवे असेल, किंवा एखाद्या मुलीला स्पर्धापरीक्षेचा संदर्भग्रंथ हवा असेल, तर तो गावातील कपाटात असला तरच मिळावयाचा. महाडहून किंवा अलिबागहून तो मागवून देणे हे कोणाच्याही नेमणुकीचे काम नाही.

या प्रश्नाला महाडच्या इतिहासात एक अर्थपूर्ण पूर्वपीठिका आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले असल्याचे जाहीर केले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यास अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक प्रत्यक्ष तळ्याच्या पाण्यापाशी जाईपर्यंत तो ठराव कागदावरच होता, आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय येण्यास १९३७ साल उजाडले. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा खरा अर्थ महाराष्ट्रात तेथे ठरला : वस्तू खुली आहे असे जाहीर करणे आणि माणसाला ती वापरता येणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर आपोआप मिटत नाही. तळ्याचा प्रश्न मानवी प्रतिष्ठेचा होता. त्याची बरोबरी ग्रंथालयाच्या सोयी-गैरसोयींशी करणे अनुचित होईल. परंतु त्यातून निघणारे तत्त्व ग्रंथालयासही लागू पडते. १९६७ च्या कायद्याच्या नावात ‘सार्वजनिक’ हा शब्द आहे. प्रत्यक्षात वृत्तपत्रे वाचण्याचा कक्ष सर्वांना मोकळा, आणि पुस्तक घरी नेण्यासाठी मात्र अनामत व वर्गणी, ही जुन्या वाचनालयांची रीत कायद्यानंतरही चालू राहिली. यूनेस्कोच्या १९४९ च्या जाहीरनाम्याने आणि केंद्र शासनाने १९५७ साली नेमलेल्या सिन्हा समितीने निःशुल्क सेवेचे तत्त्व मांडले असताना हे घडले. वाडीवरून आलेल्या आणि आजवर ग्रंथालयात पाऊल न टाकलेल्या वाचकाला ‘या, बसा, काय हवे?’ असे विचारणारा माणूस तेथे असेल तरच दार खऱ्या अर्थाने उघडे आहे. वर्गणी माफ करता येते; तो माणूस मात्र नेमावाच लागतो.

६

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो. ग्रंथपालाचे वेतन शासनाने दिले तर संस्थांचे स्वातंत्र्य जाईल आणि रशियातील यादीसारखी यादी उद्या येथेही निघेल. आक्षेप दुर्लक्षणीय नाही. परंतु त्यात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. वेतनाचा स्रोत आणि ग्रंथनिवडीचा अधिकार हे एकाच हाती असलेच पाहिजेत असे नाही. महाराष्ट्रातील खाजगी माध्यमिक शाळांत शिक्षकांचे वेतन शासकीय अनुदानातून येते आणि शाळा संस्थेचीच राहते, हा अनुभव अनेक दशकांचा आहे. बडोद्याच्या त्रिभाग योजनेतही दरबारचा पैसा होता आणि गावाचा हात होता. तेव्हा ग्रंथपालाचे वेतन, प्रशिक्षण व सेवाशर्ती यांची हमी कायद्याने घ्यावी, आणि ग्रंथनिवड स्थानिक समिती व ग्रंथपाल यांच्याकडे ठेवावी, अशी विभागणी शक्य आहे आणि इष्टही आहे. किंबहुना अल्प मानधनावर संस्थाचालकांच्या मर्जीने काम करणाऱ्या ग्रंथपालापेक्षा सेवेची हमी असलेला ग्रंथपालच निवडीचे स्वातंत्र्य अधिक निर्भयपणे राखू शकेल.

दुसरा आक्षेप खर्चाचा. हजारो ग्रंथालयांना वेतनश्रेणीवरील ग्रंथपाल देणे राज्याला झेपणार नाही, असे म्हटले जाते. येथे फैजी समितीच्या तालुका पायरीकडे परत जाता येईल. प्रत्येक तालुक्यास एक पूर्णवेळ, प्रशिक्षित ग्रंथपाल राज्य ग्रंथालय सेवेत घ्यावा. तालुक्यातील मान्यताप्राप्त ग्रंथालयांत पुस्तके फिरती ठेवणे, मागणी नोंदवून ती पुरविणे, गावच्या सेवकांना तालिकीकरण व जतन यांचे शिक्षण देणे, ही त्याची कामे ठरवावीत. महाड व पोलादपूर यांसारख्या डोंगरी तालुक्यांत या एका माणसाने पडणारा फरक ग्रंथखरेदीच्या वाढीव रकमेने पडणार नाही.

१९६७ च्या कायद्याने ग्रंथालयांना मान्यता दिली आणि त्यांना सरकारी साच्यात कोंबण्याचा मोह टाळला, हे त्याचे श्रेय अबाधित आहे. परंतु परिषद, समित्या, वर्ग, निकष यांची रचना करताना जो माणूस संध्याकाळी कुलूप काढतो त्याला त्याने रचनेच्या बाहेर ठेवले. एवढ्या दशकांत अनुदानाचे आकडे पुष्कळ वेळा बदलले. ही त्रुटी बदलली नाही. कायद्याची दुरुस्ती जेव्हा केव्हा होईल तेव्हा तिचे पहिले कलम ग्रंथपालाविषयी असावे. ती कसाला लावण्यासाठी अलिबागेतील दप्तर तपासण्याची आवश्यकता नाही. बिरवाडीत मागितलेले पुस्तक महाडहून आठवडाभरात येते काय, एवढे पाहिले म्हणजे पुरे.